विणकामाची नवी पुस्तके घ्यायची आहेत: कोणती घ्यावीत आणि कशी पारखावीत?

सुलटउलट (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. आम्ही नऊ जणी दर शनिवारी दुपारी, ऊन उतरल्यावर, एकमेकींच्या घरी विणकामासाठी जमतो. गेल्या महिन्यात प्रत्येकीने चारशे रुपये काढले आणि जमलेल्या ३,६०० रुपयांत विणकामाची दोन किंवा तीन चांगली पुस्तके घ्यायची, असे ठरले. ती पुस्तके कोणती असावीत, यासाठी आपले मार्गदर्शन हवे आहे.

आतापर्यंत आमचा सारा आधार माझ्या आईची एक वही होती. तिच्या प्रत्येक पानावर आईने दोन-तीन बोटे रुंदीचा विणीचा नमुना सुईदोऱ्याने टाचला आहे आणि खाली पेन्सिलीने '२ सु., २ उ., लो. पु., २ ए.' अशा तिच्या खुणांत (सु. म्हणजे सुलट, उ. उलट, लो. पु. लोकर पुढे, ए. एकत्र) ती वीण लिहून ठेवली आहे. विणी शंभराच्या आसपास आहेत, पण एकाही पानावर माप नाही, कारण माप आई वितीने घेत असे आणि मुंढा (बाही जोडायची काखेपाशीची जागा) कुठे धरायचा हे तिला मुलाकडे पाहूनच कळे. आमच्यापैकी पाच जणी अगदी नवशिक्या आहेत आणि त्यांना हे कसे शिकवावे, ते मला समजत नाही.

गेल्या वर्षी मी स्वतःच्या पैशांनी एक नवे, गुळगुळीत कागदाचे, सुंदर छायाचित्रांचे पुस्तक मागवले होते. त्यातले जवळजवळ सगळे प्रकार बर्फाळ प्रदेशात घालायच्या जाड लोकरीचे निघाले. सोलापुरात स्वेटर अंगावर चढतो तो फार तर डिसेंबरात आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तोही सकाळी नऊपर्यंत. बाकी आम्ही विणतो ती बाळंतविडे, टोपडी, पायमोजे, पातळ जाकिटे आणि अलीकडे सुती रुमाल व पिशव्या. त्या पुस्तकातले एकही काम माझ्या हातून पुरे झाले नाही. पुन्हा तसे होऊ नये, म्हणून विकत घेण्यापूर्वीच पुस्तक कसे ओळखावे, हेही कृपया सांगावे.

दहानंबरसुई (पुणे, माहेर सोलापूरचे)

ताई, सर्वप्रथम आईंच्या वहीच्या प्रत्येक पानाची छायाचित्रे काढून ठेवा. पेन्सिलीचे अक्षर पुसत जाते आणि टाचलेल्या लोकरीला कसर लागते.

आता पुस्तकांविषयी. विणकामाची पुस्तके मुळात दोन जातींची असतात. पहिल्या जातीचे पुस्तक 'हे विणा' असे सांगते, म्हणजे वीस-पंचवीस तयार कपडे, त्यांची छायाचित्रे आणि प्रत्येकासाठी ठरावीक कंपनीची ठरावीक लोकर. दुसऱ्या जातीचे पुस्तक 'असे विणतात' असे सांगते आणि हातात येईल त्या लोकरीचा, समोर बसलेल्या माणसाच्या मापाचा कपडा कसा काढावा, हे शिकवते. दुकानात आणि संगणकाच्या पडद्यावर पहिल्या जातीचे पुस्तक नेहमीच अधिक देखणे दिसते. पण त्यात सांगितलेली लोकर आपल्याकडे मिळत नाही, तिकडेही ती काही वर्षांत बंद होते, आणि मग उरतात ती केवळ छायाचित्रे. माझे स्पष्ट मत असे आहे की नऊ जणींनी मिळून पैसे काढले असतील, तर ते दुसऱ्या जातीच्या पुस्तकांवरच खर्च व्हावेत. आपल्यासाठी नवे म्हणजे नव्याने छापलेलेच असावे, असेही मी मानत नाही.

पारखण्याची एक सोपी रीत सांगते. पुस्तकाची काही पाने विक्रेता आधी दाखवत असेल, तर छायाचित्रे सोडून थेट एखाद्या स्वेटरच्या कृतीच्या सुरुवातीला जा. तिथे सुईची जाडी मिलिमीटरमध्ये दिली आहे का, लोकरीचे वजन आणि लांबी दोन्ही दिले आहेत का, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसाव्यात ते लिहिले आहे का, आणि शेवटी कपड्याचे सपाट रेखाचित्र काढून त्यावर छाती, मुंढा, बाहीची लांबी, गळा यांची मापे टाकली आहेत का, हे पाहावे. रेखाचित्र नसलेले पुस्तक मी घेत नाही. लिखाणातली चूक आपण विणता विणता ओळखू शकतो, पण मापच दिलेले नसेल तर चूक कपडा शिवून झाल्यावरच कळते.

मिलिमीटरचा आग्रह का, ते अनुभवाने सांगते. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालत आले आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी पद्धत याच्या उलट चालते, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. मुलगी पाच वर्षांची असताना मी एका अमेरिकी पुस्तकावरून तिचा स्वेटर घेतला, '८ नंबर' वाचले आणि आईने दिलेल्या ८ नंबरच्या सुयांवर पुढच्या भागाचे ५४ टाके घातले. पुस्तकाच्या हिशेबाने दहा सेंटिमीटरला १८ टाके, म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदी यायला हवी होती. माझ्या हातून २२ टाके बसत होते, त्यामुळे तो भाग जेमतेम साडेचोवीस सेंटिमीटर भरला. मुंढ्यापर्यंत विणून झाल्यावर फ्रॉकवर ठेवून पाहिला, तेव्हा दोन्ही बाजूंनी कापड दिसत होते. सगळे उसवावे लागले.

म्हणून माझी पहिली शिफारस अ‍ॅन बड यांच्या 'द निटर्स हँडी बुक ऑफ पॅटर्न्स' (२००२) या पुस्तकाची आहे. त्यात टोप्या, हातमोजे, पायमोजे, बनियनसारखी जाकिटे, स्वेटर अशा नेहमीच्या वस्तूंचे तक्ते दिले आहेत. आपल्या हातून ठरावीक लांबीत किती टाके बसतात ते मोजायचे, तक्त्यात तो स्तंभ शोधायचा आणि हव्या त्या मापाच्या रांगेत बोट ठेवून किती टाके घालायचे ते वाचायचे. लोकर कोणतीही असो, पुस्तक वाया जात नाही. मापे इंचांत आहेत, पण आपल्याकडे शिंप्याची टेप इंचांतच वाचतात, त्यामुळे अडचण येणार नाही.

दुसरे पुस्तक एलिझाबेथ झिमरमन यांचे 'निटिंग विदाउट टिअर्स' (१९७१). हे पुस्तक वाचायचे आहे, केवळ चाळायचे नाही. संपूर्ण स्वेटर छातीच्या टाक्यांच्या प्रमाणात बांधण्याची जी रीत त्यांनी मांडली, ती एकदा समजली की आईंच्या वहीतल्या शंभर विणींना आपोआप मापे मिळतील. समजा, घेर ६० सेंटिमीटर आहे आणि दहा सेंटिमीटरला २२ टाके बसतात, तर अंगाचे टाके १३२ झाले. मनगटाला त्याचे वीस टक्के, म्हणजे २६. दंडाला साधारण तिसरा भाग, म्हणजे ४४. आणि काखेत बाजूला ठेवायचे आठ टक्के, म्हणजे जवळजवळ ११. इतक्या चार आकड्यांवर बिनशिवणीचा स्वेटर उभा राहतो. लहान मुलांचे दंड छातीच्या मानाने भरलेले असतात, म्हणून तिथे मी दोन-चार टाके जास्त धरते.

सूतपेठ (अशोक चौक, सोलापूर)

नमस्कार. मी स्वतः विणकाम करत नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या सुताचा व्यवसाय आहे आणि पत्नी गेली काही वर्षे आमच्याच कोनवरील (शंकूवर गुंडाळलेल्या) सुताने विणते. आपण सुती कामाचा उल्लेख केला, म्हणून लिहीत आहे. वरच्या ताईंनी वजन आणि लांबी दोन्ही पाहण्यास सांगितले, तो सल्ला सोलापुरात राहणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त उपयोगी पडेल, कारण विणकामाचे तयार सुती गुंडे बाहेरून मागवावे लागतात आणि चादरी-टॉवेलांचे सूत मात्र आपल्या दारात आहे.

पुस्तकात '५० ग्रॅम, १०५ मीटर' असे लिहिलेले असेल, तर ते आपल्या सुतातून असे काढता येते. सुताची जाडी काउंटमध्ये सांगतात. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. आमच्याकडचे २/२० सूत म्हणजे २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे एकूण जाडी १० काउंटची. एका पौंडात ८,४०० वार, हिशेब केला तर १०० ग्रॅमला साधारण १,६९० मीटर. असे आठ धागे एकत्र घेतले की १०० ग्रॅमला सुमारे २११ मीटर, म्हणजेच ५० ग्रॅमला १०५ मीटर. पुस्तकात ज्या धाग्याला 'डीके' (डबल निटिंग) म्हणतात, त्याच जाडीचा धागा आपला तयार झाला. आठ धागे नुसते एकत्र धरून विणले, तर सुई मधूनच घुसते आणि एखादा धागा मागे सुटतो. पत्नीने पहिला रुमाल असाच विणला आणि प्रत्येक ओळीत सुटलेल्या धाग्यांचे फासे मागच्या बाजूस लोंबू लागले. डबलिंग करणाऱ्याकडून (धागे एकत्र करून देणाऱ्याकडून) हलका पीळ देऊन घेतला की हा त्रास जातो.

दुसरे असे की, सुताला लोकरीसारखा अंगचा ताण नसतो. लोकर ओढली की परत येते, सूत ओढले की तसेच राहते आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरते. लोकरीसाठी लिहिलेला स्वेटर जसाच्या तसा सुतात विणला, तर काठ सैल पडतो आणि लांबी दोन धुण्यांत बदलते. म्हणून पुस्तक घेताना त्यात सुती धाग्याविषयी स्वतंत्र मजकूर आहे का, ते अवश्य पाहावे. क्लारा पार्क्स यांचे 'द निटर्स बुक ऑफ यार्न' (२००७) हे धाग्याविषयीचे पुस्तक आमच्या घरी आहे. कापूस, लोकर, रेशीम यांचा स्वभाव कसा असतो आणि कोणत्या धाग्यात कोणती वीण शोभते, हे त्यात नीट समजावले आहे. व्यवसायात इतकी वर्षे काढूनही पिळाविषयी काही गोष्टी मला त्यातून नव्याने कळल्या, हे मोकळेपणाने सांगतो.

पुस्तक कोणतेही घ्या, पण सुताचा पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, चिमटे लावून टांगून वाळवा आणि मगच टाके मोजा. आपल्या एप्रिलच्या उन्हात तो अर्ध्या तासात वाळतो.

नवीसुरुवात (सोलापूर)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सगळे टाके भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींतून विनामूल्य शिकता येत असताना ३,६०० रुपये पुस्तकांवर घालणे आवश्यक आहे का? मी स्वतः उलट टाका चित्रफीत पाहूनच शिकले.

दहानंबरसुई (पुणे, माहेर सोलापूरचे)

हाताची हालचाल शिकण्यासाठी चित्रफीत पुस्तकापेक्षा निश्चितच चांगली आहे, आणि गटातील पाच नवशिक्यांनी सुलट, उलट, टाके घालणे व बंद करणे हे चित्रफितींतून किंवा ताईंच्या शेजारी बसूनच शिकावे. परंतु मुंढ्याला किती टाके घटवायचे, हे विणता विणता पाहायचे असते. मांडीवर काम, दोन्ही हातांत सुया आणि मोजणी चालू असताना चित्रफीत मागेपुढे करत बसण्यापेक्षा उघडे पान समोर असणे फार सोयीचे असते. शिवाय पुस्तक नऊ जणींत फिरते आणि त्यावर पेन्सिलीने लिहिता येते.

सुलटउलट (जुळे सोलापूर)

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ८ नंबरचा घोळ वाचल्यावर मी लगेच माझ्या सुया मोजून पाहिल्या आणि गेल्या वर्षीच्या त्या पुस्तकातील एक टोपी माझ्या हातून इतकी घट्ट का झाली होती, ते आज समजले. सुताचा हिशेबही वहीत उतरवून घेतला आहे.

आता एक शंका उरते. आमच्या गटातील दोघींना नव्या विणी हव्या आहेत, विशेषतः जाळीच्या आणि वेणीच्या. विणींचे कोश म्हणून दोन नावे पुष्कळ ठिकाणी वाचली: बार्बरा वॉकर यांचे आणि हितोमी शिदा यांचे. यांपैकी एकच घेणे शक्य आहे. चौकटींचा आलेख आमच्यापैकी कुणालाही वाचता येत नाही.

आलेखवही (लातूर)

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते आणि विणीचे आलेख वाचणे हा माझा आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण नेमकी अशी दोन नावे घेतली आहेत, जी एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत. बार्बरा वॉकर यांचा 'अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स' १९६८ साली आला आणि त्याचा दुसरा खंड १९७० साली. पहिल्याच खंडात पाचशेहून अधिक विणी आहेत आणि या दोन्ही खंडांत प्रत्येक वीण ओळीओळीने शब्दांत लिहिलेली आहे, आपल्या आईंच्या वहीसारखीच. आलेखांचा खंड त्यांनी १९७२ साली वेगळा काढला. हितोमी शिदा यांचे 'जपानीज निटिंग स्टिच बायबल' इंग्रजीत २०१७ साली आले. त्यात २६० विणी आहेत आणि त्या सर्व आलेखांत आहेत. ओळींचा मजकूर नाही. छपाई आणि छायाचित्रे पाहाल, तर शिदा यांचे पुस्तक कितीतरी उजवे आहे, वॉकर यांच्या खंडांतील छायाचित्रे कृष्णधवल आहेत. जाळी आणि वेणी एकाच विणीत गुंफण्याची शिदा यांची हातोटी तर पाहत राहावी अशी आहे.

तरीही नऊ जणींच्या गटासाठी, ज्यात पाच नवशिक्या आहेत, मी वॉकर यांचा पहिला खंड घेण्यास सांगेन. त्यात अगदी साध्या सुलट-उलट विणींपासून सुरुवात होते आणि सोप्या विणी भरपूर आहेत. शिदा यांच्या पुस्तकातील बहुतेक विणी अनुभवी हातांसाठी आहेत आणि त्या बारीक, पिळदार लोकरीवर खुलतात. सुतात वेणी मुळातच चपटी दिसते, त्यामुळे ज्या सुताविषयी वर चर्चा झाली, त्यात त्या पुस्तकाचा अर्धा आनंद हरवेल.

आलेखाची भीती मात्र बाळगू नका. आलेख म्हणजे विणलेल्या कापडाचे पुढून दिसणारे चित्र. एक चौकट म्हणजे एक टाका, एक आडवी रांग म्हणजे एक ओळ, आणि वाचायला सुरुवात करायची ती खालून. पुढच्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, काम उलटले की पुढची रांग डावीकडून उजवीकडे. चित्र नेहमी पुढच्या बाजूचे असल्यामुळे, मागच्या बाजूने विणताना चौकटीत सुलट दिसत असेल तिथे आपण उलट विणायचे. गोल सुईवर विणताना काम कधीच उलटत नाही, म्हणून सर्व रांगा उजवीकडूनच वाचायच्या. आईंच्या वहीतील एखादी सहा-आठ टाक्यांची वीण घेऊन ती आलेख कागदावर स्वतः उतरवा. दोन शनिवारांत सगळ्यांना वाचता येऊ लागेल. चालू रांगेच्या वर पोस्टकार्ड ठेवावे, म्हणजे विणून झालेल्या ओळी खाली दिसत राहतात आणि पुढचा टाका त्यांच्याशी ताडून पाहता येतो. बहुतेक जणी पट्टी खाली धरतात आणि नेमक्या त्याच ओळी झाकून टाकतात.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आलेखांचे पुस्तक फार स्वस्त मिळत असेल, तर ती झेरॉक्सवरून केलेली प्रत असण्याची शक्यता असते. तिच्यात करड्या आणि पांढऱ्या चौकटी सारख्याच दिसतात आणि मग सगळे पुस्तकच निरुपयोगी ठरते. तसेच अनेक प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर शुद्धिपत्र ठेवतात. पुस्तक हाती येताच ते पाहून चुका पेन्सिलीने पानावरच दुरुस्त कराव्यात. आणि गटात कुणी क्रोशाचे पुस्तक मागवणार असेल, तर ते ब्रिटिश आहे की अमेरिकी, हे आधी विचारावे, कारण ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजेच अमेरिकी 'सिंगल क्रोशे' आणि एकाच नावाखाली दोन वेगळे टाके येतात.

सूतपेठ (अशोक चौक, सोलापूर)

एक छोटी भर. ही सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत, त्यामुळे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा आणि त्यावर 'के' म्हणजे सुलट, 'पी' म्हणजे उलट, 'वायओ' म्हणजे लोकर पुढे, 'के२टॉग' म्हणजे दोन टाके एकत्र, असे मराठीत लिहून ठेवावे. पत्नीने आमच्या आजीसाठी हाच कागद तेलुगूत केला होता आणि आजी त्यावरून विणू लागली. धाग्याचे पुस्तक आपण विकत घेण्याची आवश्यकता नाही. आमची प्रत महिनाभर आपल्या गटाकडे राहू द्या, पत्नीने त्यास आनंदाने होकार दिला आहे.

सुलटउलट (जुळे सोलापूर)

काल शनिवारच्या बैठकीत हे सर्व प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवले. अ‍ॅन बड यांचे तक्त्यांचे पुस्तक आणि वॉकर यांचा पहिला खंड मागवायचा, असे एकमताने ठरले. रक्कम उरली तर झिमरमन यांचे पुस्तक, नाहीतर ते पुढच्या वर्गणीतून घेऊ. सूतपेठ यांनी देऊ केलेल्या प्रतीबद्दल सर्वांच्या वतीने आभार. ती नेण्यासाठी आमच्यापैकी दोघी येतील आणि त्याच वेळी २/२० चा एक कोनही घेऊन जातील.

आईच्या वहीतली पहिली वीण, आठ टाक्यांची पानाची जाळी, आम्ही काल आलेख कागदावर उतरवली. पाचव्या ओळीत दोन चौकटी जास्त येत होत्या. वही पुन्हा पाहिली, तेव्हा 'लो. पु.' या खुणेपुढे आईने बारीक अक्षरात 'फक्त एकदा' असे लिहिलेले दिसले, जे इतक्या वर्षांत माझ्या नजरेतून सुटले होते.